वास्तूचें छायाचित्र आणि त्यावरील संस्कार

पुण्याहून दौंडकडे जाणारी आगगाडी यवत मागें टाकून केडगांवच्या दिशेनें निघाली, कीं मध्यें खुटबाव हें लहानसें स्टेशन लागतें. १८५८ सालीं लोहमार्ग पुण्याच्या पुढें दिक्सळपर्यंत नेण्यांत आला, त्याच मार्गावरचें हें गांव. आसपास उंसाचे मळे, मधूनमधून गुऱ्हाळांचा धूर, आणि गांवठाणांत जुन्या पद्धतीचीं घरें. अशा गांवांतील एखादें घर पूर्वी विकावयाचें झालें, म्हणजे गिऱ्हाईक स्वतः गाडींतून उतरून येत असे. तें भिंतीवर हात फिरवी, तुळयांस वाळवी लागली आहे कीं काय हें नखानें टोकरून पाही, आडांत डोकावे, आणि चैत्र-वैशाखांत पाणी किती उरतें हें शेजाऱ्यास हळूच विचारी. आज गिऱ्हाईक पुण्यामुंबईस किंवा समुद्रापलीकडे बसलेलें असतें, आणि घरच चित्राच्या रूपानें त्याच्याकडे जातें. तें चित्र पाहून बयाणा पाठविणारीं माणसें थोडीं नाहींत. तेव्हां श्रोतेहो, तें चित्र कसें घडतें, कॅमेऱ्यानें टिपलेल्या कच्च्या प्रतिमेवर कोणते संस्कार होतात आणि त्यांपैकीं कोणते रास्त व कोणते गैर, हा प्रश्न केवळ छायाचित्रकारांचा राहिलेला नाहीं. तो घर घेणाऱ्या प्रत्येक कुटुंबाचा झाला आहे.

हा प्रश्न नवीन मात्र मुळींच नव्हे. छायाचित्रणाचा जन्मच घराच्या चित्रानें झाला, ही गोष्ट सहसा कोणी ध्यानांत घेत नाहीं. फ्रान्समधील जोसेफ निसेफोर निएप्स यानें १८२६-२७च्या सुमारास आपल्या खेड्यांतील घराच्या माडीवर कॅमेरा ठेवला आणि कथिलाच्या मिश्रधातूच्या एका पत्र्यावर डांबराचा थर देऊन खिडकींतून दिसणारीं छपरें टिपलीं. आज उपलब्ध असलेलें कॅमेऱ्याचें सर्वांत जुनें चित्र तें हेंच. प्रकाश आंत घेण्यास इतके तास लागले, कीं सूर्य पूर्वेकडून पश्चिमेकडे गेला, आणि चित्रांत समोरासमोरच्या भिंतींवर एकाच वेळीं ऊन पडलेलें दिसूं लागलें. असें दृश्य कोणत्याही मनुष्याच्या डोळ्यांनीं कधीं पाहिलेलें नाहीं! पुढें हा पत्रा विस्मृतींत गेला. १९५२ सालीं हेल्मुट गर्नशाइम या इतिहासकारानें तो शोधून काढला, तेव्हां त्यावरील आकृति डोळ्यांस जेमतेम दिसत होती. कोडक कंपनीच्या प्रयोगशाळेंत त्याची नक्कल करण्यांत आली. परंतु तिनें गर्नशाइमचें समाधान होईना, म्हणून त्यानें स्वतः कुंचला घेऊन तींत जलरंगांची दुरुस्ती केली. पुढें अनेक वर्षें जगांतील पुस्तकांतून जें चित्र छापलें गेलें, तें हें दुरुस्त केलेलें चित्र होय. मूळ पत्रा अमेरिकेंत टेक्सस विद्यापीठाच्या संग्रहीं आहे.

निएप्सनंतर इंग्लंडांत विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यानें आगस्ट १८३५ मध्यें लेकॉक ॲबी या आपल्या राहत्या वाड्याची एक खिडकी कागदावर टिपली. पोस्टाच्या तिकिटाएवढ्या त्या कागदावर उजेडाच्या जागीं काळें आणि अंधाराच्या जागीं पांढरें, असा सारा व्यवहार उलटा होता. हीच जगांतील उपलब्ध निगेटिव्हांपैकीं सर्वांत जुनी. त्याच सुमारास पॅरिस येथें दागेर यानें आपली चांदीच्या पत्र्यावरील रीत सिद्ध केली, व ती १८३९ सालीं जगापुढें मांडली. दागेरचें चित्र अत्यंत रेखीव. पण तें एकच, जसें उमटलें तसें. टॅल्बटच्या रीतींत मात्र आधीं निगेटिव्ह आणि मग तीवरून छाप, अशा दोन पायऱ्या होत्या, आणि त्या दोहोंच्या मध्यें मनुष्याच्या हातास शिरण्यापुरती जागा होती. मूळ प्रतिमा ही एक वस्तु आणि लोकांस दाखवावयाचें चित्र ही दुसरी वस्तु, हा भेद येथें उत्पन्न झाला, आणि तोच आजच्या संगणकापर्यंत चालत आला आहे.

हिंदुस्थानांत ही विद्या आली, तेव्हां मुंबईनें तिचें स्वागत इतक्या तत्परतेनें केलें, कीं १८५४ सालींच तेथें फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. युरोपियन अधिकाऱ्यांबरोबर डॉक्टर भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधु डॉक्टर नारायण दाजी हे तिच्या सभासदांत होते. दुसऱ्याच वर्षीं एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें या कलेचा वर्ग निघाला. तेथें शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण हे पुढें मुंबईचे नामांकित व्यावसायिक छायाचित्रकार झाले. प्राचीन शिलालेखांचे ठसे घेणाऱ्या भाऊ दाजींना कॅमेऱ्याचें महत्त्व कां वाटलें असावें, हें सांगण्याची आवश्यकता नाहीं. ज्या काळीं लेण्यांचें व देवळांचें चित्र म्हणजे एखाद्या साहेबाची पेन्सिल नेईल तिकडे जाणारें चित्र असे, त्या काळीं खांबांची संख्या न चुकविणारा साक्षीदार मिळणें ही मोठीच प्राप्ति होती.

१८५५ सालीं मुंबई सरकारनें तोफखान्यांतील कॅप्टन थॉमस बिग्ज याची विजापूर, बदामी, ऐहोळे या भागांतील जुन्या इमारतींचीं छायाचित्रें काढण्याच्या कामीं नेमणूक केली. हा प्रदेश आज कर्नाटकांत असला, तरी त्या वेळीं तो मुंबई इलाख्यांत मोडत होता. बिग्ज लष्करांत परत गेल्यावर डॉक्टर पिगू यानें तें काम पुढें चालविलें. त्यांनीं व इतर कांहींनीं काढलेलीं चित्रें मुंबईच्या धनिकांच्या देणग्यांतून १८६६ सालीं लंडन येथें ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालीं. विजापूरच्या त्या ग्रंथास मेडोज टेलर व फर्ग्युसन यांचा मजकूर आहे.

विजापुरासारख्या ठिकाणीं या लोकांपुढें ज्या अडचणी उभ्या राहिल्या, त्या आजहि घरांचीं चित्रें काढणाऱ्यांपुढें जशाच्या तशा आहेत. पहिली अडचण उंचीची. गोलघुमटासारखी इमारत चौकटींत मावावी म्हणून कॅमेऱ्याचें तोंड वर केलें, कीं भिंतींच्या उभ्या रेषा वरच्या टोकास एकमेकींकडे झुकूं लागतात, आणि सारी इमारत मागें कलंडल्यासारखी दिसते. डोळ्यास हें जाणवत नाहीं. कारण भिंत सरळ आहे हें मन डोळ्यास परस्पर सांगत असतें. कॅमेऱ्यास मन नाहीं. म्हणून जुन्या पेटी-कॅमेऱ्यांत अशी योजना करीत, कीं कॅमेरा ओळंब्यांत सरळ ठेवून केवळ भिंगाची पाटी वर सरकवितां यावी. गवंडी जसा ओळंबा सोडल्याशिवाय पुढची वीट बसवीत नाहीं, तसाच इमारतींचा चांगला छायाचित्रकारहि ओळंब्याशिवाय कांच उघडीत नसे. आज हेंच काम संगणकावर चित्राचा वरचा भाग ताणून करतात. त्यास कोणी लबाडी म्हणेल, तर तें चुकीचें होईल. भिंत मुळांतच सरळ होती. वांकडेपणा कॅमेऱ्यानें आणला होता, तो काढून टाकला, इतकेंच.

दुसरी अडचण आकाशाची. १८५१ सालीं फ्रेडरिक स्कॉट आर्चर यानें ओल्या कांचेची रीत काढली, आणि कागदी निगेटिव्ह हळूहळू मागें पडली. या रीतींत कांचेवर कोलोडियन ओतून ती चांदीच्या क्षारांत बुडवावी लागे, ओली असतांनाच कॅमेऱ्यांत घालावी लागे, आणि वाळण्यापूर्वींच तंबूंत नेऊन अंधारांत धुवावी लागे. दख्खनच्या उन्हाळ्यांत कांच वाळण्यास किती वेळ लागणार! शिवाय धुण्यास स्वच्छ पाणी पाहिजे. छायाचित्रकाराबरोबर तंबू, बाटल्या, कांचांच्या पेट्या आणि हमाल यांचा लहानसा काफिलाच चाले. इतकें करूनहि या कांचेस निळा रंग तेवढा चटकन् दिसे, तांबडा जवळजवळ दिसतच नसे. परिणाम असा होई, कीं आकाश अति प्रकाशानें कोरें पांढरें उमटे आणि तांबड्या मातीची भिंत गरजेपेक्षां काळी पडे. वर आकाशांत डाग राहिले, तर ते वेगळेच. म्हणून पुष्कळजण निगेटिव्हच्या आकाशावर काळी शाई फांसून तें सपाट पांढरें करून टाकीत. कांहींना तें रितें आकाश खपत नसे. लायनस ट्राइप या अधिकाऱ्यानें १८५५ सालीं ब्रह्मदेशांतील देवालयांचीं चित्रें काढलीं, तेव्हां त्यानें आपल्या कागदी निगेटिव्हांवर रंगाचा हात देऊन ढग निर्माण केले व झाडांचीं पानें उठावदार केलीं. फ्रान्समध्यें गुस्ताव्ह ल ग्रे यानें १८५६-५७च्या सुमारास समुद्र एका निगेटिव्हवर व आकाश दुसऱ्या निगेटिव्हवर टिपून दोहोंची मिळून एकच छाप काढली. त्याच्या चित्रांनीं लोक थक्क झाले. कारण लाटा आणि ढग एकाच वेळीं कोणीं पकडले नव्हते.

मुंबईंत याच्याहि पुढचें पाऊल पडलें. विल्यम जॉन्सन यानें मुंबईंतील निरनिराळ्या जातींच्या व पेशांच्या लोकांचीं चित्रें दोन भागांत १८६३ व १८६६ सालीं प्रसिद्ध केलीं. त्यांतील अनेक चित्रांत माणसें एका ठिकाणीं टिपलेलीं, तर त्यांच्या पाठीमागची इमारत किंवा देखावा दुसऱ्याच निगेटिव्हवरून आणून जोडलेला आहे. नीट पाहिलें, तर माणसांच्या कडेशीं कात्रीची धार जाणवते, आणि पायाखालची सावली मागच्या इमारतीच्या सावलीशीं जुळत नाहीं. जॉन्सन कुशल होता, यांत संशय नाहीं. त्याचा हेतु फसवणुकीचा होता, असेंहि म्हणवत नाहीं. परंतु अमुक माणसें अमुक वास्तूसमोर उभीं होतीं, असें ज्यास त्या चित्रावरून वाटेल, तो इतिहासाचा अभ्यासक फसेल खरा.

अंधाराची अडचण ही तिसरी. अजिंठ्यास मेजर रॉबर्ट गिल यानें कित्येक वर्षें राहून भित्तिचित्रांच्या रंगीत नकला केल्या. त्यांपैकीं बहुतेक १८६६ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगींत जळून गेल्या. पण त्यानें कॅमेऱ्याचाहि अवलंब केला होता, आणि लेण्यांच्या त्याच्या ७४ छायाचित्रांचा ग्रंथ फर्ग्युसनच्या मजकुरासह १८६४ सालीं निघाला होता. लेण्याच्या दाराशीं लख्ख ऊन आणि आंत काळोख. दाराचा खांब नीट यावा असें केलें, तर आंतली मूर्ति नाहींशी होते; मूर्ति दिसावी इतका वेळ कांच उघडी ठेवली, तर खांब पांढरा होऊन विरघळून जातो. खुटबावच्या मंडळींस हा अनुभव घेण्यास अजिंठ्यास जावयास नको. यवतजवळच्या भुलेश्वराच्या देवळांत भर दुपारीं शिरावें, म्हणजे बाहेरचा उजेड आणि आंतला अंधार यांमधील अंतर कळतें. मनुष्याचा डोळा क्षणभरांत त्यास सरावतो. कांचेस ती सवय लागत नाहीं.

यावर तोड निघाली ती अंधाऱ्या खोलींत. निगेटिव्हवरून छाप घेतांना जो भाग फार काळा पडूं पाहील, त्यावर हाताची किंवा पुठ्ठ्याच्या तुकड्याची सावली धरावी, आणि जो फिका राहील, त्यास अधिक वेळ उजेड द्यावा, ही युक्ति प्रत्येक स्टुडिओंत रूढ झाली. १९०६ सालीं सर्व रंगांस सारखी जागी असणारी कांच बाजारांत आली, भिंगापुढें पिवळी कांच धरली कीं निळें आकाश ढगांसह उमटूं लागलें, आणि शाई फांसण्याचें कारण उरलें नाहीं. मूळ निगेटिव्हमध्यें काय आहे आणि छापींत काय आणावयाचें आहे, यांचा शास्त्रोक्त मेळ १९४०च्या सुमारास अमेरिकेंत ॲन्सेल ॲडम्स व फ्रेड आर्चर यांनीं घातला. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत प्रकाशाच्या ठराविक पायऱ्या कल्पून कोणती वस्तु कोणत्या पायरीवर बसवावयाची, हें कॅमेरा उघडण्यापूर्वींच ठरविण्याची त्यांची पद्धति होती. ॲडम्स हा संगीताचाहि जाणकार. निगेटिव्ह म्हणजे स्वरलिपि आणि छाप म्हणजे प्रत्यक्ष गायन, अशी उपमा तो देत असे. आपल्याकडील गवयांना ही उपमा कितपत रुचेल, हा प्रश्न वेगळा!

या सर्व खटाटोपाचें मोल काय, असें कोणी विचारील. पुण्याचा शनिवारवाडा १८२८ सालच्या आगींत जळाला. छायाचित्रणाची कला जगापुढें येण्यास तेव्हां अकरा वर्षें अवकाश होता. त्यामुळें बुरूज आणि जोतीं सोडलीं, तर त्या वाड्याच्या आंतील महाल कसे होते, हें वर्णनांवरून व हिशेबाच्या कागदांवरून जुळवावें लागतें. एकहि खांब डोळ्यांनीं पाहण्याची सोय नाहीं. बुधवारवाडा १८७९ सालीं जळाला. दोन्ही आगींच्या मध्यें पन्नासच वर्षें गेलीं. पण तेवढ्यांत गांवोगांव कॅमेरे फिरूं लागले होते. पुढें राजा दीनदयाळ यांच्यासारख्या कसबी माणसानें इंदूर, हैदराबाद व १८९६ पासून मुंबई येथें राहून संस्थानिकांचे राजवाडे, त्यांतील दिवाणखाने, झुंबरें, गालिचे यांचीं इतकीं चित्रें काढलीं, कीं त्या काळच्या श्रीमंती घरांचें अंतरंग आज त्यांच्याच कांचांवरून कळतें. सामान्य गृहस्थाचें माजघर मात्र त्यांत कोठें नाहीं. तें टिपण्यास कोणी पैसे देत नव्हतें.

तें काम कागदावांचून व कांचेवांचून होऊं लागलें, तें अगदीं अलीकडे. १९७५ सालीं कोडक कंपनींतील स्टीव्हन सॅसन यानें पहिला अंकीय कॅमेरा जुळविला. त्याचें चित्र अवघ्या दहा हजार बिंदूंचें होतें, आणि तें कॅसेटच्या फितीवर उतरण्यास तेवीस सेकंद लागत. त्याच कंपनींतील ब्राइस बेयर याला १९७६ सालीं एका चाळणीचें पेटंट मिळालें. आजच्या बहुतेक सर्व कॅमेऱ्यांत तीच चाळणी आहे. कॅमेऱ्याच्या आंतील पडद्यावर लक्षावधि सूक्ष्म बिंदु असतात. ते उजेडाचें मान सांगतात, पण रंग जाणत नाहींत. बेयरनें दर चार बिंदूंपैकीं दोघांवर हिरवी, एकावर तांबडी आणि एकावर निळी अशी बारीक झांकणें बसविलीं. मनुष्याचा डोळा हिरव्या रंगास अधिक जागा असतो, म्हणून हिरवीं दोन. म्हणजे प्रत्येक बिंदूस तीनपैकीं एकाच रंगाची वार्ता असते, आणि उरलेल्या दोन रंगांची वार्ता त्यास शेजाऱ्यांकडून उसनी घ्यावी लागते. ही उसनवारी होण्यापूर्वीची जी मूळ नोंद, तिलाच रॉ फाइल म्हणजे कच्ची फाइल म्हणतात. ती निगेटिव्हप्रमाणेंच पाहण्यास निस्तेज असते, आणि निगेटिव्हप्रमाणेंच तींत पुष्कळ कांहीं दडलेलें असतें.

किती दडलेलें असतें, हें आंकड्यांनीं सांगतां येतें. १९९२ सालीं ठरलेली जेपेग ही चित्र आटोपशीर करून ठेवण्याची रीत सर्वांच्या परिचयाची आहे. तींत प्रत्येक रंगाच्या काळ्यापासून उजळापर्यंत २५६ पायऱ्या असतात. कच्च्या फाइलींत त्या ४,०९६ किंवा १६,३८४ असतात. २५६ पायऱ्यांचें चित्र जरा ताणलें, कीं भिंतीवरील सावलींत पट्टे उमटतात. कारण मधल्या पायऱ्या मुळांतच नसतात. कच्च्या फाइलींत त्या असतात. तथापि एक मर्यादा तींतहि आहे. बिंदूंत मावेल इतका उजेड भरून वाहूं लागला, कीं त्यापुढील कांहींच नोंदलें जात नाहीं, आणि असा जळालेला उजेड कोणत्याहि उपायानें परत येत नाहीं. काळोखांतील तपशील मात्र पुष्कळसा वर काढतां येतो, जरी तो जरा खरखरीत दिसतो. म्हणून जाणते लोक खिडकींतील उजेड जळूं न देतां चित्र टिपतात आणि खोलीचा अंधार मागाहून उजळतात. फिल्मच्या काळांत याच्या नेमकें उलट होतें. निगेटिव्ह घेतांना अंधाराची काळजी आधीं वाहावी लागे.

या कच्च्या फाइली उलगडण्याचीं साधनें प्रथम कॅमेऱ्याच्या कारखानदारांच्याच मुठींत होतीं. १९९७ सालीं डेव्ह कॉफिन या एकट्या माणसानें निरनिराळ्या कॅमेऱ्यांच्या कच्च्या फाइली वाचणारा एक प्रोग्रॅम लिहून तो सर्वांस फुकट दिला. १९९० सालीं फोटोशॉप बाजारांत आणणाऱ्या नोल बंधूंपैकीं थॉमस नोल यानें २००३ सालीं अडोबी कंपनीसाठीं तशीच सोय केली, आणि पुढच्याच वर्षीं त्या कंपनीनें सर्वांस वापरतां यावा असा कच्च्या फाइलीचा एक समान नमुना जाहीर केला. या साधनांतील मर्माची गोष्ट अशी, कीं त्यांत मूळ फाइल बदलत नाहीं. उजेड इतका वाढवावा, रेषा इतकी सरळ करावी, अशा सूचना तेवढ्या वेगळ्या लिहिल्या जातात. कांच फुटण्याची भीति संपली आणि कांचेवर शाई फांसण्याचें पापहि उरलें नाहीं.

आतां खुटबावसारख्या गांवांतील एखाद्या जुन्या घराचीच कल्पना करावी. बाहेर रखरखीत ऊन, ओसरीवर सावली, माजघरांत एकुलत्या झरोक्याचा उजेड आणि स्वयंपाकघरांत पिवळ्या दिव्याचा. असें घर टिपतांना छायाचित्रकार तिपाई रोवून, कॅमेरा छातीच्या उंचीवर ओळंब्यांत ठेवून, एकाच जागेवरून तीन किंवा पांच चित्रें घेतो. एक उन्हाच्या मापाचें, एक सावलीच्या, एक काळोखाच्या. मागाहून त्या कच्च्या फाइली एकत्र जुळविल्या, कीं झरोक्याबाहेरचें चिंचेचें झाड आणि आंतली उतरंड दोन्ही एकदमच दिसतात. ल ग्रेनें लाटा व ढग जोडले त्यांतलाच हा प्रकार. मग रंगाची पारख. दुपारचा उजेड निळसर, दिव्याचा तांबूस. मनुष्याच्या डोळ्यास चुन्याची भिंत दोहोंत पांढरीच वाटते, कॅमेऱ्यास वाटत नाहीं. म्हणून करड्या रंगाचें एक पान आधीं समोर धरून टिपतात, आणि तें पान करडें दिसेल अशा बेतानें सर्व रंग सारखे करतात. मग भिंगानें फुगविलेल्या कडा सरळ करावयाच्या, आणि शेवटीं चित्र जेपेग करून पाठवावयाचें. हें सारें करण्याचा हेतु एकच, कीं तेथें उभ्या राहिलेल्या माणसास जें दिसलें असतें, तें दूर बसलेल्यास दिसावें.

गैरप्रकाराचा आरंभ या हेतूपासून ढळलें कीं होतो. फार रुंद दृष्टीचें भिंग लावलें, कीं दहा फुटांची खोली दिवाणखान्याएवढी भासते, आणि येथें तर फाइलीस हातहि लावावा लागत नाहीं! भिंतीवरील ओल पुसणें, तडा बुजविणें, दारासमोरचा विजेचा खांब नाहींसा करणें, वैशाखांतल्या पडीक जमिनीवर हिरवळ पसरणें, या गोष्टी आज दोन मिनिटांत होतात. निळें आकाश आणून चिकटविण्याविषयीं मतभेद आहेत. आकाश कांहीं विकावयाचें नसतें, असें तें चिकटविणारे म्हणतात. शहरांतील सदनिकेपुरतें तें चालूनहि जाईल. पण दौंडसारख्या पर्जन्यछायेंतील तालुक्यांत शेतजमिनीच्या चित्रावर कोणीं भरलेले ढग आणून ठेवले, तर तेथील शेतकरी त्यास निर्दोष अलंकार म्हणणार नाहीं.

कायद्यानें या बाबतींत कांहीं सोय केली आहे. स्थावर मालमत्तेविषयींचा २०१६चा कायदा महाराष्ट्रांत १ मे २०१७ पासून पूर्णपणें अंमलांत आला आणि महारेराची स्थापना झाली. त्याच्या बाराव्या कलमान्वयें जाहिरातींतील किंवा नमुन्याच्या सदनिकेंतील खोट्या माहितीवर विसंबून ज्यानें पैसे भरले आणि नुकसान सोसलें, त्यास भरपाई मिळते. तो व्यवहारांतून बाहेर पडूं इच्छील, तर त्याची सर्व रक्कम व्याजासह परत करावी लागते. १ आगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रांत अशा प्रकल्पांच्या जाहिरातींवर क्यूआर कोड छापणेंहि सक्तीचें झालें आहे. मोबाइलनें तो पाहिला, कीं प्रकल्पाची सरकारदरबारीं नोंदलेली माहिती पुढें येते. परंतु हा कायदा नव्या प्रकल्पांस आहे. खेड्यांतील एखादें जुनें घर एका गृहस्थानें दुसऱ्यास विकलें, तर तेथें १८८२ सालचा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा पाहावा लागतो. त्याच्या पंचावन्नाव्या कलमांत म्हटलें आहे, कीं विकणाऱ्यास ठाऊक असलेला आणि घेणाऱ्यास सामान्य दक्षतेनें कळण्याजोगा नसलेला महत्त्वाचा दोष विकणाऱ्यानें उघड केला पाहिजे. चित्रांत बुजविलेला तडा घरीं जाऊन पाहिला असतां सहज दिसला असता, असें विक्रेता म्हणूं लागला, म्हणजे केवळ चित्रावर विसंबणाऱ्याची बाजू लंगडी पडते. अशा वेळीं मूळ कच्ची फाइल छायाचित्रकारानें जपून ठेवलेली असेल, तर तडा होता कीं नव्हता हें तीवरून पाहतां येतें. जगप्रसिद्ध वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेंतहि अखेरच्या फेरींतील स्पर्धकांकडून मूळ फाइली मागवून घेतात, त्या याचसाठीं.

पुणें जिल्ह्यांत मात्र कच्च्या चित्रांचा आणखी एक उपयोग झाला आहे. गांवठाणांतील घरांना शेतजमिनीसारखा सातबारा नसतो. पुष्कळ गांवीं गांवठाणाची मोजणीच झालेली नव्हती. घर पणजोबांपासून ताब्यांत, पण बँकेस दाखवावयास नकाशा नाहीं, अशी स्थिति होती. पुरंदर तालुक्यांतील सोनोरी या गांवीं ड्रोन उडवून गांवठाण मोजण्याचा प्रयोग झाला, आणि २४ एप्रिल २०२० रोजीं जाहीर झालेल्या केंद्राच्या स्वामित्व योजनेनें तें काम देशभर नेलें. त्या रीतींत आधीं घरमालकांसमक्ष जमिनीवर चुन्याच्या रेषांनीं हद्दी आंखतात. मग ड्रोन एकमेकांवर चढणारीं शेंकडो चित्रें घेतो. तीं कच्चीं चित्रें तशींच जोडलीं, तर चालत नाहीं. कारण वरून पाहतां उंच घरें चित्राच्या कडेस बाहेर कलंडलेलीं दिसतात, आणि चढावरची जागा उतारावरच्या जागेपेक्षां मोठी भासते. म्हणून जमिनीच्या उंचसखलपणाचा हिशेब करून प्रत्येक बिंदु आपल्या जागीं सरकवितात. गोलघुमटापुढें भिंगाची पाटी सरकविण्यांत जो विचार होता, तोच येथें आहे. फक्त ओळंबा उलटा, वरून खालीं पाहणारा. अशा रीतीनें सिद्ध झालेल्या नकाशावर चुन्याची रेष कोठें गेली आहे हें पाहून हद्दी कायम करतात. गांवकऱ्यांस त्या दाखविल्या जातात, हरकती ऐकून घेतल्या जातात, आणि मग घरमालकाच्या हातीं मिळकतपत्रिका पडते.